डिस्क कोण चढवतं? माउंट या शब्दाची साठ वर्षं

आपल्या पॉडकास्टवर इतिहास म्हटलं की किल्ले येतात, तह येतात, सनावळ्या येतात. आज ज्या इतिहासाबद्दल बोलणार आहे तो मला माझ्या टेबलाखाली धूळ खात पडलेल्या डेस्कटॉपमध्ये सापडला. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा लेखी भाग. बोलण्यातले अडखळे काढलेत, बाकी आहे तसंच आहे.

सुरुवात एका चुकीने करतो. चूक माझीच, दुसऱ्या कुणाची नाही.

गेल्या दिवाळीत गावी गेलो होतो. माझी आजी ८८ वर्षांची आहे. तिला जात्यावरच्या ओव्या येतात हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण कुणी बसून ऐकल्या नव्हत्या. मी एका मित्राचा रेकॉर्डर घेऊन गेलो आणि दोन सकाळी तिच्याजवळ बसलो. पहिल्या दिवशी ती लाजली. दुसऱ्या दिवशी मात्र तिला एकामागून एक आठवत गेल्या. एक ओवी झाली की त्यातल्याच एखाद्या शब्दावरून दुसरी. सगळं मिळून सहा तासांचं रेकॉर्डिंग झालं, साधारण सहा जीबी.

पुण्याला परत आलो. डेस्कटॉपवर लिनक्स आहे. सिस्टिम एका छोट्या एसएसडीवर, आणि सिनेमे, फोटो, जुने प्रोजेक्ट एका १ टीबीच्या हार्ड डिस्कवर. ती डिस्क कॉम्प्युटर सुरू होताना 'साठा' नावाच्या फोल्डरवर आपोआप जोडली जायची. त्यासाठी लागणारी ओळ मी कधीतरी इंटरनेटवरून उचलून डकवली होती. चालत होतं, म्हणून परत कधी बघितली नव्हती.

त्याच दिवशी मी २ टीबीची नवी डिस्क आत बसवली, कॉम्प्युटर सुरू केला आणि आजीचं रेकॉर्डिंग 'साठा' फोल्डरमध्ये कॉपी केलं. एक फाइल लावून बघितली, वाजली. मग रेकॉर्डरचं कार्ड पुसलं आणि मित्राला परत दिलं. त्याच्या घरी लग्न होतं, त्याने त्यावर दोन दिवसांची सनई आणि मंगलाष्टकं भरली.

दोन दिवसांनी रात्री सिनेमा लावायला गेलो तर प्लेयर म्हणतो, फाइलच नाही. लक्षात आलं की नवी डिस्क आल्यामुळे डिस्कची नावं बदलली असणार. आधी जी एसडीबी होती ती आता एसडीसी झाली होती. ओळीतलं एक अक्षर बदललं, कॉम्प्युटर परत चालू केला, सिनेमा लागला. झोपलो.

पुढच्या आठवड्यात 'साठा' उघडला. सिनेमे होते, फोटो होते, प्रोजेक्ट होते. 'आजी' नावाचा फोल्डर नव्हता.

आजीला फोन केला. म्हटलं, "आजी, त्या ओव्या परत म्हणशील का गं?" ती म्हणाली, "अरे, तेव्हा आठवल्या त्या आठवल्या. आता कुठून आणू?" तरी तिने प्रयत्न केला. चार झाल्या, मग थांबली.

त्यानंतर मी चिडून एकच गोष्ट शोधत बसलो: डिस्क जागेवर नसताना कॉम्प्युटरने मला सांगितलं का नाही? शोधता शोधता थेट १९६० च्या दशकात पोचलो. तर आज तीच गोष्ट.

आधी शब्द बघू. माउंट म्हणजे चढवणं. तुमच्यापैकी ज्यांच्याकडे जुना अँड्रॉइड फोन होता त्यांना सेटिंगमधलं 'अनमाउंट एसडी कार्ड' आठवत असेल. फोनमध्ये काय चढवायचं आणि काय उतरवायचं, असा प्रश्न तेव्हा पडला असेल. हा शब्द आला तेव्हा मात्र खरंच काहीतरी हाताने उचलून चढवावं लागायचं.

आयबीएमने १९५६ मध्ये हार्ड डिस्क असलेला पहिला कॉम्प्युटर आणला, त्याचं नाव रॅमॅक. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या, आणि सगळ्यांत मिळून ५० लाख अक्षरं. म्हणजे आजचा फोनमधला एक बऱ्यापैकी फोटो. त्या तबकड्या यंत्रातच पक्क्या बसवलेल्या होत्या. मग १९६२ मध्ये आयबीएमने १३११ नावाचं यंत्र आणलं. कपडे धुण्याच्या मशीनएवढं, वरून झाकण उघडणारं. त्यात सहा तबकड्यांचा एक गठ्ठा बसायचा, वजन साधारण साडेचार किलो, आणि त्यात २० लाख अक्षरं मावायची. मुद्दा हा की तो गठ्ठा, म्हणजे डिस्क पॅक, बाहेर काढता यायचा. एक पॅक पगाराचा, एक गोदामाचा, एक बिलांचा. यंत्र महाग, पॅक त्यामानाने स्वस्त. म्हणून यंत्र एक आणि पॅक अनेक.

अशा ठिकाणी एक ऑपरेटर असायचा. एखाद्या कामाला अमुक पॅक किंवा अमुक टेप लागणार असेल तर कॉम्प्युटर ऑपरेटरच्या टंकयंत्रावर तसा निरोप छापायचा. ऑपरेटर उठायचा, कपाटातून पॅक आणायचा, चढवायचा, आणि मग काम पुढे सरकायचं. पॅक सापडला नाही तर? तर ऑपरेटर तसं सांगायचा. काम थांबायचं, पण का थांबलं हे माहीत असलेला एक माणूस त्या खोलीत होता. हा माणूस लक्षात ठेवा, पुढे तो हळूहळू गायब होतो.

आता जाऊ अमेरिकेत न्यू जर्सीला, मरे हिल इथल्या बेल लॅब्समध्ये. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये युनिक्सचं काम सुरू केलं. त्यांची एक मोठी कल्पना अशी की सगळ्या फाइलींचं एकच झाड असावं. वर मूळ, खाली फांद्या, फांद्यांना पानं. वापरणाऱ्याने फक्त झाडातली वाट सांगायची. ती फाइल कुठल्या डिस्कवर आहे याची फिकीर त्याने करायची नाही.

पण डिस्क तर अनेक होत्या, आणि प्रत्येक डिस्कवर आपलं आपलं छोटं झाड. मग एक झाड दुसऱ्याला जोडायचं कसं? कलम करून! आंब्याचं कलम बघितलंय ना, तसंच. युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलवर तारीख आहे ३ नोव्हेंबर १९७१, आणि त्यात माउंट ही कमांड आहे. तिला दोन गोष्टी सांगायच्या: कुठली डिस्क, आणि झाडावर कुठे. उतरवायची कमांडही आहे, यूमाउंट. तिच्यात 'अन'चा न नाही. अक्षरं वाचवायची त्या लोकांना भारी हौस. आजही लाखो लोक ती कमांड टाइप करताना तो न घालतात आणि एरर खातात. मीसुद्धा.

म्हणजे माउंटचे आता दोन अर्थ झाले. एक, पॅक हाताने यंत्रावर चढवणं. दुसरा, त्या पॅकवरचं झाड मोठ्या झाडाला जोडणं. पहिलं काम माणसाचं, दुसरं सॉफ्टवेअरचं.

जुलै १९७४ मध्ये रिची आणि थॉम्पसन यांनी युनिक्सवर एक लेख छापला. आपल्याकडे कॉम्प्युटर शिकणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी वाचावा असा, आणि खूप सोप्या भाषेतला. त्यात त्यांनी स्वतःच्या कॉम्प्युटरचं वर्णन केलंय. पीडीपी-११/४५. एक पक्की बसवलेली डिस्क, १ एमबी. काढता येणाऱ्या डिस्कचे चार छोटे ड्राइव्ह, प्रत्येकी अडीच एमबी. आणि एक मोठा ड्राइव्ह, ४० एमबीचा. झाडाचं मूळ पक्क्या डिस्कवर होतं. लोकांच्या फाइली मोठ्या डिस्कवर होत्या, आणि ती मोठी डिस्क सिस्टिम सुरू करणारा प्रोग्राम स्वतःच माउंट करायचा. चार छोटे ड्राइव्ह मात्र मोकळे ठेवले होते, ज्याला हवं त्याने आपला पॅक आणून जोडावा.

हे वाचताना मी सरसावून बसलो. पन्नास वर्षांपूर्वीचं हे वर्णन म्हणजे माझा डेस्कटॉपच आहे. सिस्टिमची छोटी डिस्क, सुरू होतानाच जोडली जाणारी मोठी डिस्क, आणि पाहिजे तेव्हा लावायचे पेन ड्राइव्ह. आकडे बदलले, मांडणी तीच.

इथे एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. माउंट केल्याची नोंद डिस्कवर कायमची राहत नाही. ती चालू कॉम्प्युटरच्या मेमरीत असते. वीज गेली की मेमरी कोरी. म्हणून प्रत्येक वेळी सुरू होताना कुणीतरी परत सांगावं लागतं की ही डिस्क इथे, ती डिस्क तिथे. हे रोज सांगणार कोण? आणि त्याला ते कुठून कळणार?

सुरुवातीला या कमांड सिस्टिम सुरू होताना चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये लिहिलेल्या असायच्या. पण डिस्कची यादी इतरही प्रोग्रामांना लागते. डिस्क तपासणाऱ्याला लागते, बॅकअप घेणाऱ्याला लागते. तीच यादी चार ठिकाणी लिहिली की एक ठिकाण बदलायचं राहणारच. कॅलिफोर्नियात बर्कली विद्यापीठात युनिक्सची स्वतःची आवृत्ती तयार होत होती, बीएसडी. त्यांच्या १९८० च्या ४.० बीएसडीमध्ये एक साधी टेक्स्ट फाइल आली: एफएसटॅब. फाइल सिस्टिम टेबल. एटसी फोल्डरमध्ये राहते. एका डिस्कची एक ओळ.

ही फाइल आजही लिनक्समध्ये त्याच जागी, त्याच नावाने आहे. ओळीत सहा रकाने असतात: कुठली डिस्क, झाडावर कुठे, आतली रचना कुठली, काय अटी, बॅकअपच्या यादीत आहे का, आणि सुरू होताना तपासायचा क्रम कितवा. विसाव्या शतकातली एखादी वही आजही दुकानात तशीच वापरात असावी, तसं.

एफएसटॅबने ऑपरेटरचं ज्ञान कागदावर उतरवलं. पण ऑपरेटर 'पॅक सापडला नाही' असं सांगायचा. ओळ फक्त एवढंच म्हणते की डिस्क तिथे असेल.

आता तुम्ही म्हणाल, विंडोजवर असलं काही करावं लागत नाही. डिस्क लावली की डी ड्राइव्ह दिसतो. बरोबर. ती वेगळी वाट आहे, आणि तीही जुनीच. आयबीएमच्या १९६० च्या दशकातल्या सीएमएस सिस्टिममध्ये डिस्कला एकेक अक्षर असायचं. गॅरी किल्डॉल यांनी १९७४ मध्ये फ्लॉपीवाल्या छोट्या कॉम्प्युटरांसाठी सीपी/एम बनवली, त्यात ए आणि बी. तिथून ही पद्धत डॉसमध्ये आली. १९८३ मध्ये आयबीएम पीसी एक्सटी आला, आत १० एमबीची हार्ड डिस्क. ए आणि बी फ्लॉपीसाठी, म्हणून हार्ड डिस्क झाली सी. फ्लॉपी कधीच गेल्या, पण आजही विंडोज सीपासूनच सुरू होतं. घरातली मोठी दोन भावंडं परदेशी गेली तरी धाकट्याला धाकटाच म्हणतात, तसं.

इथे एकच झाड नाही, प्रत्येक डिस्कचं वेगळं झाड आणि त्याला एक अक्षर. सोपं आहे. पण यातही भानगड होती. डॉस आधी प्रत्येक डिस्कच्या मुख्य भागाला अक्षरं वाटायचं, आणि मग उरलेल्या भागांना. त्यामुळे सी आणि डी असलेल्या कॉम्प्युटरमध्ये दुसरी डिस्क बसवली की तिचा मुख्य भाग डी व्हायचा आणि तुमचा जुना डी सरकून ई व्हायचा. डीवर असलेले प्रोग्राम मग चालेनात. पुढे एनटी घराण्याच्या विंडोजमध्ये कुठल्या डिस्कला कुठलं अक्षर दिलं ते लिहून ठेवण्याची सोय झाली, आणि विंडोज २००० पासून डिस्क फोल्डरवर जोडण्याचीही.

माझ्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं, फक्त लिनक्सवर. नव्या डिस्कने जुनीचं नाव घेतलं. याला कारण आहे, तेही सांगतो.

पूर्वीच्या आयडीई डिस्क रुंद चपट्या केबलने जोडायच्या. लिनक्स त्यांना एचडीए, एचडीबी, एचडीसी अशी नावं द्यायचं, आणि ती केबलच्या जागेवरून ठरायची. पहिल्या केबलवरची मुख्य डिस्क एचडीए, दुय्यम असेल तर एचडीबी, दुसऱ्या केबलवरची मुख्य एचडीसी. मधली डिस्क काढली तरी एचडीसी ही एचडीसीच. नाव म्हणजे घर नंबर होता.

स्कझी डिस्कना वेगळी नावं होती, एसडीए, एसडीबी. ती सापडण्याच्या क्रमाने मिळायची. पहिली सापडली ती ए, दुसरी बी. पुढे साटा आणि यूएसबी डिस्कही याच रांगेत आल्या, आणि २००६-०७ च्या सुमारास मोठ्या लिनक्स वितरणांनी जुन्या आयडीई डिस्कसुद्धा त्याच रांगेत आणल्या. आता नाव म्हणजे रेशनच्या रांगेतला नंबर झाला. आज तिसरे, उद्या पाचवे. मी नवी डिस्क मदरबोर्डवरच्या आधीच्या क्रमांकाच्या मोकळ्या पोर्टला लावली, ती आधी सापडली, एसडीबी झाली. माझी ओळ मात्र अजून जुन्या एसडीबीचीच वाट बघत होती.

यावर उपाय असा की डिस्कला जागेवरून किंवा क्रमावरून ओळखायचंच नाही, तिच्या अंगावरच्या खुणेवरून ओळखायचं. ती खूण म्हणजे यूयूआयडी. १२८ बिटांचा आकडा, लिहिताना ३२ अक्षरं, मध्ये चार छोट्या रेघा. डिस्कचा भाग फॉरमॅट करताना तो आकडा तयार होतो आणि त्या भागावरच लिहिला जातो. डिस्क कुठल्याही पोर्टला लावा, खूण तीच. याच काळात वितरणं एफएसटॅबमध्ये नावाऐवजी यूयूआयडी लिहायला लागली. म्हणून आज ती फाइल उघडलीत तर मोबाइल नंबरपेक्षा कितीतरी लांब, वाचवत नाही असा आकडा दिसतो. तो आकडा आपल्याला त्रास द्यायला तिथे नाही. आणि एक सावधगिरी: एका डिस्कची हुबेहूब नक्कल केली तर खूणही नक्कल होते. मग दोन डिस्क एकाच नावाने हजेरी देतात.

म्हणजे ओळख पटवण्याचा प्रश्न सुटला. राहिला दुसरा प्रश्न, ज्यासाठी मी हे सगळं शोधत होतो. डिस्क आलीच नाही तर?

इथे दोनच वाटा आहेत. एक, थांबायचं. दुसरी, तिच्याशिवाय पुढे जायचं. दोन्हींत धोका आहे. बहुतेक लिनक्स वितरणांत आज सुरू होण्याचं काम सिस्टिमडी बघतं. लेनर्ट पॉटरिंग आणि के सीव्हर्स यांनी २०१० मध्ये ते जगापुढे आणलं, आणि २०१५ मध्ये डेबियन आणि उबुंटू दोन्ही त्याच्यावर आले. सिस्टिमडी एफएसटॅबची प्रत्येक ओळ वाचतं आणि तिचं एक काम बनवतं. डिस्क दिसली नाही तर ठरलेल्या पद्धतीप्रमाणे ९० सेकंद वाट बघतं. तरीही नाही आली तर काळा पडदा आणि इमर्जन्सी मोड. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं कॉम्प्युटर गेला. गेलेला नसतो. तो जुना ऑपरेटर परत आलेला असतो आणि सांगत असतो की पॅक सापडला नाही, आता काय करू?

ज्यांना हे नको त्यांच्यासाठी ओळीत एक शब्द घालता येतो, 'नोफेल'. म्हणजे डिस्क असली तर जोड, नसली तर ओरडू नको, पुढे चल. माझ्या डकवलेल्या ओळीत हाच शब्द होता. मी कॉम्प्युटरला आधीच लिहून दिलं होतं की सांगू नकोस. त्याने सांगितलं नाही. राग कुणावर काढणार?

अजून एक प्रश्न मला मित्र नेहमी विचारतात. पेन ड्राइव्ह लावला की लगेच उघडतो, मग आतली हार्ड डिस्क लिनक्स स्वतःहून का जोडत नाही, पासवर्ड का मागतं? कारण पेन ड्राइव्ह ज्याने लावला तो समोर बसलेला आहे, त्याचा हेतू उघड आहे. आतली डिस्क मात्र त्या यंत्राची असते, आणि यंत्र अनेकांचं असू शकतं. तिच्यावर दुसऱ्या कुणाच्या फाइली असतील, किंवा अर्धवट झोपलेलं विंडोज असेल. २०१२ च्या विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आलं, त्यात बंद केलेलं विंडोज पूर्ण बंद झालेलं नसतं. त्याच्या डिस्कवर बाहेरून लिहिलं तर गोंधळ होतो. म्हणून आतल्या डिस्कबद्दलचा निर्णय यंत्राच्या मालकाने एकदा विचार करून लिहून द्यावा, अशी अपेक्षा असते. १९७४ च्या लेखातली विभागणी आठवा: मोठी डिस्क सिस्टिमची, छोटे ड्राइव्ह लोकांचे. तीच आहे ही.

आता आजीकडे परत येतो.

तो १९७४ चा लेख मी दुसऱ्यांदा वाचत होतो. त्यात माउंट काय करतं ते सांगितलंय: झाडाच्या एका पानाच्या जागी आख्खं नवीन झाड येतं. मी तिथेच थांबलो. पानाच्या जागी झाड येतं, ठीक. मग त्या पानाचं काय होतं? ते तुटतं का? नाही. ते असतंच, फक्त झाकलं जातं.

कॉपी करताना 'साठा'वर डिस्क जोडलेलीच नव्हती. पण 'साठा' नावाचा रिकामा फोल्डर होताच, एसएसडीवर. डिस्क जिथे बसते तो नुसता ओटा. ओटा बनवताना मी कधीतरी कुणालाही लिहिता येईल अशी परवानगी देऊन ठेवली होती. सहा जीबी त्या ओट्यावर ठेवले गेले. मग मी ओळ दुरुस्त केली, खरी डिस्क येऊन ओट्यावर बसली, आणि खालचं सगळं तिच्याखाली गेलं.

पडताळून बघितलं. एसएसडी किती भरली आहे असं सिस्टिमला विचारलं तर ती एक आकडा सांगत होती, आणि त्याच एसएसडीवरच्या दिसणाऱ्या फाइलींची मोजणी केली तर दुसरा. फरक साधारण सहा जीबी. मी हसलो की रडलो ते सांगत नाही.

यूमाउंट टाइप केलं. अर्थातच आधी न घालून, मग एरर खाऊन, मग बरोबर. सिनेमे गेले, फोटो गेले, प्रोजेक्ट गेले. 'साठा'मध्ये एकच फोल्डर उरला. 'आजी'.

पहिली फाइल लावली. कोंबडा ओरडला, मग आजीचा आवाज आला, "चालू केलंस का रे?"

आता माझ्या डेस्कटॉपवर काय आहे ते सांगतो, तुम्हाला उपयोगी पडेल म्हणून. एक, ओळीत यूयूआयडी आहे, एसडीबी नाही. दोन, 'नोफेल' फक्त सिनेमांच्या डिस्कला ठेवलाय. ज्या डिस्कवर आजी आहे ती नसेल तर कॉम्प्युटरने थांबावं असंच मला वाटतं. ९० सेकंद गेले तर गेले. तीन, डिस्क जोडण्याआधी त्या रिकाम्या ओट्यावर कुलूप लावलंय. चॅटर कमांडने प्लस आय दिलं की त्यात कुणालाच काही ठेवता येत नाही, अगदी रूटलाही. डिस्क नसताना कॉपी करायला गेलात तर लगेच एरर येतो, आणि तो एरर म्हणजे उपकार आहेत. चार, एफएसटॅब बदलली की रिस्टार्ट करण्याआधी 'माउंट मायनस ए' चालवून बघतो. ओळ चुकली असेल तर तिथेच कळतं, काळ्या पडद्यावर नाही. आणि टाइप करायचा कंटाळा असेल तर बऱ्याच लिनक्स डेस्कटॉपवर डिस्क नावाचं ॲप असतं, त्यात सुरू होताना माउंट करायचं बटण असतं. तेही शेवटी तीच ओळ लिहितं.

आणि हो, रेकॉर्डिंगच्या आता तीन प्रती आहेत. त्यातली एक आत्याकडे.

तुम्ही हे फोनवर ऐकत किंवा वाचत असाल. अँड्रॉइड असेल तर त्याच्या पोटातही एफएसटॅब नावाची फाइल आहे. तुम्ही बटण दाबता, लोगो चमकतो, आणि त्या काही सेकंदांत एक प्रोग्राम ती यादी वाचून एकेक झाड जोडत जातो. १९६२ मध्ये साडेचार किलोचा पॅक उचलणाऱ्या माणसाचं काम आता तो करतो. फक्त तो माणूस होता तोवर, काही नसलं तर कुणीतरी सांगायचं. आता कधी सांगायचं ते आपण आधी लिहून ठेवावं लागतं.

तुमच्या घरात असा कुणाचा आवाज रेकॉर्ड करायचा राहिला असेल तर या रविवारी करा. आणि कॉपी झाल्यावर कार्ड पुसण्याआधी कॉम्प्युटर एकदा बंद करून परत चालू करा, मग बघा फोल्डर तिथे आहे का. भेटू पुढच्या भागात.